टीव्ही, राउटर, एसी वाचवायचे तर आधी अर्थिंग बघा, स्पाइक बस्टर नंतर

वळीव आला की आणि परत हस्ताचा पाऊस सुरू झाला की सोसायटीच्या ग्रुपवर तेच मेसेज. कुणाचा राउटर गेला, कुणाच्या एसीचा पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेला, आणि त्याखाली लगेच सल्ला की चांगल्यातला स्पाइक बस्टर घ्या. लोक घेतातही, आणि ज्या सॉकेटमध्ये लावतात त्या सॉकेटला अर्थिंगच पोचलेलं नसतं. हे इतक्या घरांत बघितलंय की एकदा सगळं क्रमाने लिहून काढायचं ठरवलं. ठाणे-नवी मुंबईतल्या फ्लॅटवाल्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, रो-हाउसवाल्यांसाठी जे वेगळं आहे ते त्या त्या जागी सांगतो.

क्रम बदलू नका ही एकच विनंती. खालचा प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे, मधूनच एखादी वस्तू विकत आणून लावली तर पैसे जातात आणि आपण सेफ आहोत असं उगाच वाटत राहतं, जे जास्त वाईट.

सुरुवातीला एवढं डोक्यात पक्कं करा: त्रास एक नाही, तीन आहेत

पहिला म्हणजे सर्ज. वीज कुठेतरी पडते, तुमच्या बिल्डिंगवर पडायलाच हवी असं नाही, लांबच्या लाइनवर किंवा शेजारच्या टॉवरवर पडली तरी आसपासच्या सगळ्या वायरींमध्ये हजारो व्होल्टचा झटका तयार होतो आणि तो सेकंदाच्या लाखाव्या हिश्शात येऊन जातो. डोळ्याला काही दिसत नाही, दिवा कधीकधी साधा लुकलुकतही नाही, पण राउटर मेलेला असतो.

दुसरा म्हणजे न्यूट्रल जाणे. आपल्याकडे बिल्डिंगला तीन फेज (करंट आणणाऱ्या वायरी) येतात, प्रत्येक फ्लॅटला त्यातली एक फेज आणि सगळ्यांचा मिळून एक न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर). तो कॉमन न्यूट्रल मीटर रूममध्ये, फीडर पिलरमध्ये (रस्त्याकडेच्या वितरण पेटीत) किंवा ट्रान्सफॉर्मरपाशी सुटला की २३० व्होल्टचा हिशोबच राहत नाही, ज्या फेजवर लोड कमी त्या फ्लॅटांना ३०० च्या वर, अगदी ४०० च्या जवळपास व्होल्टेज जातं आणि ते मिनिटंच्या मिनिटं तसंच राहतं. एकाच रात्री एकाच विंगमधले चार-पाच टीव्ही जातात ना, ते बहुतेक वेळा आकाशातल्या विजेने नाही, याने जातात. पाऊस चालू असतो म्हणून दोष विजेवर जातो, इतकंच.

तिसरा, व्होल्टेज पडणे आणि लाइटचं सारखं ये-जा करणे. याचा त्रास फ्रिज आणि एसीच्या कॉम्प्रेसरला.

तिघांना तीन वेगळे इलाज लागतात. एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, म्हणजे सर्ज अडवणारी वस्तू) न्यूट्रलच्या त्रासात काही करत नाही, स्टॅबिलायझर विजेचा झटका अडवत नाही (तेवढ्या वेगाने तो हलतच नाही), आणि एमसीबी तर यातलं काहीच अडवत नाही कारण एमसीबी करंट बघतो, व्होल्टेज नाही. आरसीसीबी पण नाही, तो लीकेज बघतो, तो तुमचा जीव वाचवायला आहे, टीव्ही वाचवायला नाही. "आमच्याकडे सगळीकडे एमसीबी आहेत" हे उत्तर मला इतक्या वेळा मिळालंय की हे इथेच लिहून टाकलं.

टप्पा १: तयारी, म्हणजे घरातल्या वायरींची यादी

अर्धा तास काढा, वही घ्या आणि घरात बाहेरून किती वायरी आत येतात ते मोजा. लाइटची मेन वायर एक झाली. डिशची किंवा केबलवाल्याची कोअॅक्स केबल. इंटरनेटची, ती फायबर आहे की गच्चीवरच्या बॉक्समधून साधी लॅन केबल खाली सोडलीय ते नीट बघा. इंटरकॉम. व्हिडिओ डोअरफोन. सीसीटीव्ही. एसीच्या आउटडोअर युनिटच्या वायरी. रो-हाउस किंवा बंगला असेल तर गेटची मोटर, गच्चीवरचं सोलर, पाण्याच्या टाकीचा सेन्सर, हे पण.

मग दुसऱ्या पानावर घरातली ती उपकरणं लिहा ज्यांना प्लगच नाही. बीएलडीसी पंखे, एलईडी पॅनल, मॉड्युलर बोर्डमधले स्मार्ट स्विच, काही घरांत एसी सुद्धा थेट जोडलेला. पंख्यात हल्ली इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो, आणि छताचा पंखा काही आपण ढग आले म्हणून काढून ठेवणार नाही, म्हणजे त्यांचं संरक्षण फक्त डीबीतूनच (घरातली मेन स्विच आणि एमसीबींची पेटी) होणार. टप्पा ४ सगळ्यांना लागतो तो यामुळे.

डीबी उघडून (म्हणजे फक्त बाहेरचं झाकण, स्क्रूवालं आतलं कव्हर नाही) एक फोटो काढून ठेवा. इलेक्ट्रिशियनशी फोनवर बोलताना उपयोगी पडतो, आत दोन खाचा रिकाम्या आहेत का हेही त्यालाच कळतं.

सावध: डीबीच्या आत हात घालायचं काम परवानाधारक वायरमनचंच. मेन स्विच खाली केला तरी त्याच्या वरच्या बाजूच्या वायरी जिवंत असतात. ही यादी, फोटो आणि पुढच्या तपासण्या तुम्ही करा, स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात द्या.

टप्पा २: अर्थिंग तपासा, बाकी सगळं यानंतर

सर्ज अडवणारी कुठलीही वस्तू, ५०० रुपयांची असो की ५००० ची, ती झटका गिळत नाही, ती त्याला जमिनीकडे वळवते. जमिनीकडे जायची वाटच नसेल तर तो वळणार कुठे. फेज आणि न्यूट्रलमधला थोडाफार भाग ती अडवेल, बाकीचा तुमच्या उपकरणातून जाईल.

तीन तपासण्या आहेत, सोप्यापासून सुरू करा.

पहिली, सॉकेट टेस्टर. तीन पिनचा छोटा प्लग असतो, त्यावर तीन लाइट, कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो. घरातल्या प्रत्येक तीन पिनच्या सॉकेटमध्ये लावून बघा, हो प्रत्येक, कारण हॉलच्या बोर्डला अर्थिंग आहे आणि बेडरूमच्या नाही असं अगदी नेहमी सापडतं, रिनोव्हेशन करताना कुणीतरी हिरवी वायर तशीच कापून सोडलेली असते.

दुसरी, मल्टिमीटर. हे ज्याला वापरता येतं त्यानेच करावं. फेज-न्यूट्रल साधारण २३०, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थ १००-१५० च्या आसपास नाचत असेल तर अर्थ वायर कुठेतरी तुटलीय, मीटर दाखवतो ते हवेतलं व्होल्टेज.

तिसरी तपासणी फसवेगिरी पकडण्यासाठी. अर्थिंग नसलेल्या सॉकेटमध्ये काही जण मागून न्यूट्रल आणि अर्थच्या टर्मिनलना एक छोटा वायरचा तुकडा जोडून देतात, म्हणजे टेस्टरचे लाइट बरोबर लागतात आणि गिऱ्हाईक खूष. हे ओळखायचं असं: गीझर किंवा एसी चालू करा आणि ज्या बोर्डावर तो लागलाय तिथे मल्टिमीटरने न्यूट्रल-अर्थ मोजा. खरं अर्थिंग असेल तर लोड आल्यावर आकडा थोडा तरी वर सरकतो. अगदी शून्यावर चिकटून बसला तर बोर्ड उघडायला लावा.

सावध: असा जोड सापडला तर तो त्याच दिवशी काढून घ्या. त्या सॉकेटचा न्यूट्रल सुटला तर फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. हा विषय मग टीव्ही वाचवण्याचा राहत नाही. आणि नळाच्या पाइपला केलेलं अर्थिंग असेल तर तेही अर्थिंग समजू नका, आता पाइप पीव्हीसीचे आहेत.

घरातलं सगळं बरोबर निघालं की खाली जा. मीटर रूममधून बाहेर जाणारी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टी शोधा आणि तिच्यामागे अर्थिंगच्या पिटपर्यंत, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यापर्यंत, चालत जा. खाडीच्या बाजूच्या सोसायट्यांत, म्हणजे कोपरी, कोलशेत, ऐरोली, वाशी, बेलापूर, तिथल्या हवेत या पट्ट्या फार लवकर खातात. पट्टीचा मधला भाग बाहेरून ठीक दिसतो पण जिथे नट-बोल्टने दोन पट्ट्या जोडल्यात तिथे बोटाने खरवडलं की गंजाचे पापुद्रे निघतात, बोल्ट हाताने फिरतो, आणि कधीकधी तर पट्टी पिटच्या झाकणाआधीच संपलेली असते, कारण पेव्हर ब्लॉक बसवताना कुणीतरी ती कापली. असं दिसलं की फोटो काढून कमिटीला द्या, हे एकट्याच्या फ्लॅटचं काम नाही.

पिटचं रेझिस्टन्स अर्थ टेस्टरने मोजून घ्यायला लावा, जितकं कमी तितकं चांगलं, साधारण ५ ओहमच्या आत असायला हवं असं धरतात. मोजणी मे महिन्यात करा. पावसात ओल्या जमिनीत आकडा आपोआप छान येतो आणि मग रिपोर्ट चांगला दिसतो, पण पहिला वळीव कोरड्या जमिनीवरच येतो.

तपासणी: प्रत्येक सॉकेट बरोबर, बनावट जोड नाही, पट्टी पिटपर्यंत अखंड. तिन्ही हो असेल तरच पुढे.

टप्पा ३: न्यूट्रल गेला तर घर आपोआप बंद झालं पाहिजे

एसपीडीच्या आधी हे लिहितोय कारण आपल्या भागातल्या फ्लॅटांमध्ये सगळ्यात जास्त नुकसान करणारा त्रास हाच वाटतो मला, आणि याच्यावरचा इलाज सगळ्यात कमी लोकांना माहीत असतो.

त्या वस्तूला ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर म्हणतात. डीबीत एमसीबीसारखीच बसते, वर छोटा डिस्प्ले असतो ज्यावर चालू व्होल्टेज दिसतं. व्होल्टेज ठरवलेल्या आकड्याच्या वर किंवा खाली गेलं की पूर्ण घराची लाइट तोडते आणि व्होल्टेज सरळ झाल्यावर थोडं थांबून स्वतःच परत जोडते. घेताना तीन गोष्टी बघा: अँपिअर तुमच्या मेन स्विचएवढे किंवा जास्त, वरची मर्यादा आणि थांबायची वेळ दोन्ही आपल्याला सेट करता येतात, आणि तोडताना फेज-न्यूट्रल दोन्ही तोडतो का. सेटिंग साधारण वरचं २७०, खालचं १७०-१८०, परत जोडायला ३ मिनिटं. तीन मिनिटं कशाला, तर कॉम्प्रेसरमधलं प्रेशर उतरायला तेवढा वेळ लागतो.

लोक चुकतात कुठे, तर वरचं सेटिंग २५० वर ठेवतात. काही भागांत रात्री उशिरा लोड कमी झाला की व्होल्टेज २४५-२५० ला जातंच, मग घर सारखं बंद पडतं, आणि कंटाळून माणूस तो प्रोटेक्टरच बायपास करून टाकतो. आधी दोन-तीन दिवस डिस्प्लेवर नजर ठेवा, तुमच्याकडचा नेहमीचा आकडा किती ते बघा, मग सेट करा.

घर मोठं असेल आणि मीटर थ्री फेज असेल तर थ्री फेजचाच प्रोटेक्टर लागतो. तुमच्याच डीबीतला न्यूट्रलचा स्क्रू ढिला झाला तरी तोच प्रकार घरातल्या घरात होतो, म्हणून वायरमन आलाच आहे तर न्यूट्रल लिंकचे सगळे स्क्रू आवळून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि जवळपास कुणी करून घेत नाही.

न्यूट्रल जात असल्याची लक्षणं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: दिवे एकदम जास्त प्रखर, पंखा एक नंबरवर असून पाचसारखा पळतोय, आणि त्याच वेळी समोरच्या फ्लॅटचे दिवे मंद. असं दिसलं की काही विचार न करता डीबीकडे जाऊन मेन स्विच खाली. टीव्हीचा प्लग काढत बसू नका, तेवढ्या वेळात बाकीचं जातं. मग शेजारच्यांची बेल वाजवा, आणि महावितरणच्या १९१२ वर फोन.

टप्पा ४: डीबीत एसपीडी

आता सर्ज. फ्लॅटच्या डीबीसाठी टाइप २ एसपीडी. टाइप १ हा थेट वीज पडण्याच्या ताकदीसाठी, तो बिल्डिंगच्या मेन पॅनलला, विशेषतः गच्चीवर लाइटनिंग अरेस्टर असेल तर. रो-हाउसवाल्यांनो, तुमचा मेन पॅनल तुमचाच असतो, त्यामुळे तुम्ही टाइप १ आणि २ एकत्र असलेला घ्या, खास करून लाइन खांबावरून उघडी येत असेल तर.

फ्लॅटसाठी दुकानात सांगायचं असं: सिंगल फेज, फेज आणि न्यूट्रल दोन्ही पोलचा, टाइप २, नॉमिनल २० केए (किलोअँपिअर), मॅक्सिमम ४० केए, कंटिन्युअस व्होल्टेज ३२० व्होल्ट. २७५ चाही मिळतो, पण आपल्याकडे व्होल्टेज वर जायची सवय बघता ३२० चा जास्त टिकतो. प्रोटेक्शन लेव्हल, म्हणजे झटक्यातलं जेवढं व्होल्टेज पुढे जातं ते, १.५ केव्ही (१५०० व्होल्ट) किंवा कमी. कार्ट्रिज बदलता येणारा घ्या, म्हणजे खराब झाला की पूर्ण काढायला नको. मुंबईच्या लोहार चाळीत सगळ्या नावाजलेल्या कंपन्यांचे मिळतात, बिल मात्र घ्या, नकली माल या वस्तूत ओळखता येत नाही.

बसवताना तीन चुका होतात आणि तिन्ही तुम्ही बाजूला उभं राहून पकडू शकता.

लांब वायर. एसपीडीला येणारी फेज वायर आणि तिथून अर्थ बारपर्यंत जाणारी वायर, दोन्हींची लांबी मिळून अर्ध्या मीटरच्या आत पाहिजे. झटका इतक्या वेगाचा असतो की वायरच्या एका मीटरवर हजारेक व्होल्ट उभे राहतात, म्हणजे वायरमनने नीटनेटकं दिसावं म्हणून डीबीच्या कडेकडेने वळसा घालून वायर नेली की १.५ केव्हीचा एसपीडी तुमच्या उपकरणांसाठी अडीच-तीन केव्हीचा होतो. दिसायला चांगलं, कामाला वाईट. सरळ आणि आखूड, वेटोळं अजिबात नको.

चुकीची जागा. एसपीडी मेन स्विचनंतर लगेच आणि आरसीसीबीच्या आधी. आरसीसीबीनंतर लावला तर झटक्याला आरसीसीबी ट्रिप होऊ शकतो, तुम्ही गावाला गेलेले असाल तर फ्रिजमधलं सगळं वाया. आणि तो समांतर जोडायचा असतो, म्हणजे घराचा करंट त्याच्यातून जात नाही, त्यामुळे टप्पा ३ मधल्या प्रोटेक्टरच्याही आधी बसू शकतो आणि त्या प्रोटेक्टरलाही वाचवतो.

बॅकअप नसणे. एसपीडीच्या आधी कंपनीने सांगितलेल्या रेटिंगचा एमसीबी किंवा फ्यूज लागतो. आतला व्हॅरिस्टर (झटका वळवणारा भाग) आयुष्य संपताना शॉर्ट होऊ शकतो, तेव्हा त्याला तोडायला कुणीतरी हवं. पाकिटातल्या कागदावर रेटिंग लिहिलेलं असतं, तो कागद वायरमनला दाखवा, अंदाजे लावू देऊ नका.

अर्थ वायर ६ स्क्वेअर एमएम तांब्याची, थेट डीबीच्या अर्थ बारला. जवळच्या स्विचबोर्डच्या अर्थला नाही.

तपासणी: एसपीडीवरची खिडकी हिरवी. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या गडगडाटानंतर बघायची सवय लावा. लाल झाली म्हणजे तो आपलं काम करून संपलाय, लाइट व्यवस्थित चालू असली तरी आता संरक्षण नाही. आरसीसीबीचं टेस्ट बटण पण त्याच वेळी दाबून घ्या, पडला पाहिजे.

टप्पा ५: सॉकेटवरचा स्पाइक बस्टर

हा आता आला. डीबीपासून उपकरण दहा मीटरहून लांब असेल, किंवा महागाचं नाजूक काही असेल, तर तिथे लावायचा. बॉक्सवर ज्यूलमध्ये रेटिंग लिहिलेलं नसेल तर तो एक्स्टेन्शन बोर्ड आहे, नाव काहीही असो. संरक्षण चालू आहे हे दाखवणारा वेगळा लाइट असलेला घ्या, कारण स्विचमधला लाल दिवा फक्त वीज येतेय एवढंच सांगतो, आतला व्हॅरिस्टर दोन वर्षांपूर्वी गेला असला तरी तो लागतोच.

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार, राउटर, जे एकमेकांना केबलने जोडलंय ते सगळं एकाच स्पाइक बस्टरवर लावा. टीव्ही एका भिंतीवर आणि बॉक्स दुसऱ्या बोर्डवर असेल तर झटक्याच्या क्षणी दोघांच्या अर्थमध्ये फरक पडतो आणि तो फरक एचडीएमआय केबलमधून जातो. एचडीएमआय पोर्ट जातात ते असे.

तीन पिनच्या प्लगला दोन पिनचं कन्व्हर्टर लावू नका, एका बस्टरमध्ये दुसरा बस्टर लावू नका, फ्रिज-एसी-गीझर-मायक्रोवेव्ह याच्यावर नाही. आणि टप्पा ३ मधला प्रोटेक्टर नसताना फक्त स्पाइक बस्टरवर भरवसा ठेवून घर बंद करून गावाला जाऊ नका: न्यूट्रल गेला तर ३५०-४०० व्होल्टवर आतला व्हॅरिस्टर तापत राहतो, प्लास्टिक वितळतं, पेटूही शकतं.

एसी-फ्रिजला स्टॅबिलायझर हवा का, तर तुमच्याकडे व्होल्टेज खूप पडत असेल तर हो. इन्व्हर्टर एसीवर चालायची व्होल्टेज रेंज लिहिलेली असते, ती आणि प्रोटेक्टरच्या डिस्प्लेवर दिसणारा आकडा जुळवून ठरवा. घेतलाच तर हाय कट-ऑफ असलेला.

टप्पा ६: मागचं दार, म्हणजे केबल, लॅन आणि डिश

टप्पा १ ची यादी परत काढा. मेनची लाइन आता सांभाळली, पण बाकीच्या वायरी उघड्याच आहेत, आणि सगळं बरोबर करूनही लोकांचे राउटर जातात ते इथून.

आपल्याकडे बऱ्याच बिल्डिंगांत इंटरनेट गच्चीपर्यंत फायबरने येतं आणि तिथल्या स्विचबॉक्समधून घरांत तांब्याची लॅन केबल, ती डक्टमध्ये नाही तर बिल्डिंगच्या बाहेरून, कधी एका विंगवरून दुसऱ्या विंगवर हवेत लटकत. पन्नास-साठ मीटरची ती तार जवळ वीज पडली की अँटेनासारखी झटका पकडते आणि तो थेट राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेटची केबल लागते तो). ओळखायची खूण: राउटर चालू होतो, वायफायचं नाव दिसतं, पण इंटरनेटच्या पोर्टचा लाइट लागत नाही. अॅडॅप्टर बदलून काही होत नाही कारण मार मेनकडून आलेलाच नसतो.

यावर सगळ्यात चांगला इलाज म्हणजे इंटरनेटवाल्याला फायबर घरातल्या बॉक्सपर्यंत आणायला सांगणे. काचेतून झटका येत नाही. पण काळी चपटी ड्रॉप केबल असते तिच्यात आधारासाठी स्टीलची तार असते, ती घरात शिरण्याआधी सोलून कापायला लावा. फायबर मिळतच नसेल तर लॅनचा सर्ज प्रोटेक्टर मिळतो, त्याची हिरवी वायर अर्थला जोडली तरच त्याचा उपयोग. स्मार्ट टीव्ही लॅनने न जोडता वायफायवर ठेवा, राउटर गेला तरी टीव्ही वाचतो.

डिशची कोअॅक्स केबल घरात येण्याआधी अर्थिंग ब्लॉकमधून यायला हवी आणि तो ब्लॉक बिल्डिंगच्या अर्थिंगलाच जोडलेला, स्वतःची वेगळी सळई ठोकून नाही. इन्स्टॉलेशनला येणारी मुलं हे सहसा करत नाहीत, मागून करून घ्यावं लागतं.

गच्चीवर गेलात की अजून एक गोष्ट बघा. लाइटनिंग अरेस्टरची खाली उतरणारी पट्टी असते, तिला केबलवाले आपल्या वायरी टायने बांधून ठेवतात कारण बांधायला सोयीची जागा. वीज पडली की जो करंट जमिनीत जायचा त्याच्या शेजारून या वायरी तुमच्या घरात येतायत. त्या सोडवून लांब घ्यायला लावा. आणि अरेस्टर आहे म्हणजे आपले टीव्ही सेफ हा समजही सोडा, तो बिल्डिंगच्या स्लॅबला आणि माणसांना वाचवतो, उलट त्याच्यातून करंट जाताना आसपासच्या वायरींत झटका तयार होतोच. अरेस्टर असलेल्या बिल्डिंगला मेन पॅनलवर टाइप १ एसपीडी जास्तच गरजेचा, लिफ्ट आणि सीसीटीव्ही त्याच्यावर अवलंबून आहेत. गच्चीवर सोलर असेल तर पॅनलकडच्या डीसी बाजूला वेगळा एसपीडी आणि इन्व्हर्टरनंतरच्या एसी (अल्टरनेटिंग करंट) बाजूला वेगळा.

टप्पा ७: गडगडाट यायच्या आधी

वरचं सगळं केलं तरी जवळ वीज पडली तर कुठलीच वस्तू शंभर टक्के खात्री देत नाही. प्लग काढणे हाच शेवटचा खरा इलाज, आणि तो वेळेत.

आपल्याकडे धोका भर पावसाळ्यात कमी असतो, जुलै-ऑगस्टच्या संततधारेत गडगडाट क्वचित. एप्रिल-मे ते जूनचे पहिले दिवस आणि मग सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, दुपारनंतर, हे दिवस सांभाळायचे. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी अॅप फोनवर ठेवा, आसपास वीज पडतेय का ते दाखवतं.

वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. येऊरच्या किंवा पारसिकच्या बाजूला चमकतंय आणि आवाज तीस सेकंदांत येतोय म्हणजे ती दहा किलोमीटरच्या आत आहे. त्याआधी प्लग काढून झालेले हवेत.

क्रम असा: राउटर आणि सेट-टॉप बॉक्सच्या बाहेरून येणाऱ्या केबल, मग टीव्हीच्या स्पाइक बस्टरचा भिंतीतला प्लग, कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, आणि एसी-गीझरचे एमसीबी खाली. फ्रिज तासभर बंद राहिला तरी चालतो, दार उघडलं नाही तर आतला थंडावा चार तास टिकतो. काढलेल्या केबलचं टोक उपकरणापासून हातभर लांब ठेवा, नुसतं मागे लोंबतं ठेवू नका.

फक्त स्विच बंद करणं पुरत नाही. स्विच फेज तोडतो, न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच असतात, आणि एवढ्या मोठ्या झटक्याला स्विचमधली फट काहीच नाही.

सावध: गडगडाट डोक्यावर आला असेल तर आता प्लगला हात लावू नका, जे राहिलं ते राहिलं. चार्जिंगला लावलेला फोन कानाला नाही, अंघोळ नाही, भांडी नंतर. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. घरी आई-बाबा एकटे असतील तर त्यांना ही यादी मोठ्या अक्षरात लिहून डीबीच्या झाकणावर चिकटवून द्या, आणि स्टुलावर चढून काढावा लागेल असा एकही प्लग त्यांच्या यादीत ठेवू नका.

टप्पा ८: लाइट गेली आणि परत आली

लाइट गेली की एसी, गीझर, फ्रिजचे स्विच बंद करा. लाइट आली की लगेच सगळं लावू नका, पहिली काही मिनिटं ती परत जाते-येते, व्होल्टेज हलतं. आधी एक दिवा आणि पंखा. दिवा नेहमीसारखा दिसतोय का, प्रोटेक्टरवर आकडा स्थिर आहे का. पाचेक मिनिटांनी फ्रिज, त्यानंतर टीव्ही-राउटर, सगळ्यात शेवटी एसी. घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या टॉवरांत जनरेटर बॅकअप असतो, तिथे लाइट दोनदा बदलते, एकदा जनरेटरवर जाताना आणि एकदा परत येताना, तर एसी दुसऱ्या बदलानंतरच.

मीटर रूममध्ये पाणी शिरलं असेल तर हे काही लागू नाही. पाणी उतरून, पॅनल सुकून, तपासून होईपर्यंत मेन स्विच खालीच.

टप्पा ९: तरीही काही गेलंच तर

जळका वास येतोय ते उपकरण परत लावून बघू नका. मेन बंद, एसपीडीची खिडकी बघा, फोटो काढा, वेळ लिहून ठेवा. शेजारी विचारा: फक्त तुमचंच गेलं की अजून कुणाचं. एकापेक्षा जास्त फ्लॅटांत गेलं आणि दिवे प्रखर झाले होते तर न्यूट्रलचाच संशय धरा, आणि तो दुरुस्त झाल्याशिवाय नवीन टीव्ही लावू नका.

महावितरणकडे १९१२ वर तक्रार त्याच दिवशी, तक्रार नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. कळवा-मुंब्रा-शिळ भागात वितरण टोरंटकडे आहे, तिथे बिलावरचा नंबर. लाइन दुरुस्त करायला आलेल्या माणसाने काय सापडलं ते सांगितलं तर ते तारखेसकट लिहून ठेवा, मग सेक्शन ऑफिसला लेखी अर्ज, पोच घेऊन. दाद लागली नाही तर वीज कंपनीचा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. बाधित फ्लॅटांनी एकत्र अर्ज केला तर एकेकट्याच्या अर्जापेक्षा वजन पडतं. सर्व्हिस सेंटरकडून बिघाडाचं कारण लेखी घ्या आणि जळालेला बोर्ड परत मागून घ्या, ते सहसा ठेवून घेतात.

घराचा विमा असेल तर वीज पडणे लिहिलेलं असतं म्हणून निर्धास्त राहू नका, वगळलेल्या गोष्टींचं पान काढा आणि इलेक्ट्रिकल बिघाड, शॉर्टसर्किट याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये उपकरणांसाठी वेगळं कव्हर जोडावं लागतं, आणि ते जोडायची वेळ म्हणजे एप्रिल, टीव्ही गेल्यावर नाही.